जुनी पिकअप गाडी : विकावी की राखावी?

आपल्या मासिकात बी, खत, पाणी आणि पिकांवरील रोग या चार विषयांवर दर महिन्यास काही ना काही लिहून येते, आणि ते यावयासच पाहिजे. परंतु इतक्या कष्टाने पिकविलेला माल ज्या वाहनातून बाजारपेठेस जातो त्या वाहनाविषयी एक अक्षरही लिहिलेले सहसा आढळत नाही. आष्टा व आसपासच्या गावांतील बागाईतदारांची वांगी, टोमॅटो, फ्लॉवर व केळी सांगली, कोल्हापूर, पुणे आणि वाशी येथपर्यंत रात्रीतून पोहोचतात ती पिकअप गाडीच्या जिवावर. खताची पोती, पाइप, पेंड, मजूर, आजारी वासरू, लग्नातील भांडी, सर्व काही तिच्याच हौद्यातून फिरते. सारांश, आपल्या आजोबांच्या दारात बैलगाडीची जी जागा होती ती आता पिकअपची आहे. फरक इतकाच की, बैलगाडीची कुरकुर आजोबांना कळत असे. पिकअपची कुरकुर आपणांस कळत नाही.

हल्ली कित्येक बागाईतदारांच्या दारात दहा-पंधरा वर्षांची गाडी उभी आहे, आणि ती विकून नवी घ्यावी की हीच राखावी, हा प्रश्न घरोघरी चर्चेस येतो. प्रस्तुत लेखकाचे मत प्रारंभीच सांगून टाकतो. गाडीचा सांगाडा जोपर्यंत गंजाने खाल्लेला नाही तोपर्यंत जुनी गाडी राखावी. मात्र राखावी याचा अर्थ ती दारात उभी करून ठेवावी आणि बंद पडली म्हणजे मिस्त्रीच्या हवाली करावी असा नव्हे. मालकाने व घरातील तरुणांनी स्वतःचे हात काळे केले तरच जुनी गाडी परवडते; नाहीतर ती नवीपेक्षाही महाग पडते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

प्रथम हिशेब पाहू. आज नवी पिकअप घ्यावयाची तर नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. पैकी ८ लाख रुपयांचे कर्ज दर साल दर शेकडा १० टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीने काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,००० रुपये होतो. म्हणजे वर्षास २,०४,००० रुपये. उसास टनामागे ३,५०० रुपये मिळाले असे धरले तरी ही सुमारे ५८ टन उसाची किंमत झाली. आणि ही ऊसबिलाची रक्कम आहे, निव्वळ नफ्याची नव्हे. पाच वर्षांत व्याजापोटीच सव्वादोन लाखांच्या आसपास जातात. ज्यांची गाडी रोज भाड्याने धावते त्यांस हा हप्ता कदाचित झेपेल. परंतु ज्याची गाडी आठवड्यातून तीन दिवस बाजारास जाते आणि चार दिवस चिंचेखाली उभी राहते, त्याने पावसाच्या आणि बाजारभावाच्या भरवशावर दरमहा ठरल्या तारखेस भरावयाचा हप्ता अंगावर घेणे म्हणजे उभ्या पिकात जनावर सोडण्यासारखे आहे. हप्ता काही टोमॅटोचा दर पाहून कमी-जास्त होत नाही. उलट आमच्या जुन्या गाडीस टायर, बॅटरी, तेल आणि किरकोळ सुटे भाग धरून गेल्या काही वर्षांत वर्षास चाळीस-पंचेचाळीस हजारांपलीकडे खर्च आलेला नाही. मात्र हा आकडा आम्ही शहाणे झाल्यानंतरचा आहे. त्याआधीच्या वर्षांचा आकडा सांगावयास मला संकोच वाटतो. तरी पुढे सांगणारच आहे.

कित्येकांचा असा समज आहे की, यंत्राची दुरुस्ती हा शेतकऱ्याचा धर्म नव्हे. ज्याचे काम त्याने करावे. हे म्हणणे दिसावयास शहाणपणाचे असले तरी आपल्या भागाच्या इतिहासाशी ते जुळत नाही. मोट चालत होती तेव्हा नाडा तुटला किंवा मोटेची शिवण उसवली म्हणून कोणी पाणी बंद ठेवून चांभाराची वाट पाहत बसत नसे. तात्पुरती डागडुजी जागच्या जागी होई. गाडीच्या कण्यास ओंगण घालावयाचे काम तर घरातील पोराचे, आणि त्यासाठी वंगणाची नळी गाडीखाली कायमची टांगलेली असे. पुढे कृष्णेच्या पलीकडे, त्या वेळच्या औंध संस्थानात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना काढला आणि किर्लोस्करवाडीचे लोखंडी नांगर निघू लागले. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती त्या वेळी शेतकऱ्यांत होती, म्हणून आरंभी ते नांगर खपेनात. हे आपल्यापैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. पण एकदा ती भीती गेल्यावर त्याच शेतकऱ्यांनी फाळ बदलणे, बोल्ट आवळणे, खोली कमी-जास्त करणे ही कामे इतकी आत्मसात केली की, त्यात काही शिकण्यासारखे होते हेच लोक विसरून गेले. नंतर विहिरींवर ऑइल इंजिने आली. हॅन्डल मारून इंजिन सुरू करणारा, नोझल काढून फवारा पाहणारा आणि पिस्टनच्या रिंगा बदलणारा एखादा तरी गृहस्थ प्रत्येक वस्तीवर होता, आणि तो कोठल्याही शाळेत शिकलेला नव्हता. विजेच्या मोटारी आल्या, इंजिने अडगळीत गेली आणि त्यांबरोबर ते हातही गेले. अशा रीतीने एका पिढीत आपण यंत्राचे मालक होतो ते गिऱ्हाईक झालो. लोखंड विषारी आहे असे आज कोणी मानीत नाही. पण गाडीचे बॉनेट उचलणे म्हणजे काही तरी भलते करणे, अशी जी भीती आहे ती त्याच जातीची आहे.

आता माझी गोष्ट. आमची गाडी २०१० साली घेतली. पहिली दहा वर्षे तिने एकही तक्रार केली नाही, आणि आम्हीही तिच्याकडे पाहिले नाही. दसऱ्यास हार घालावयाचा, नारळ फोडावयाचा, पुढे लिंबू-मिरची बांधावयाची, आणि तेलाची पट्टी बाहेर काढून पाहावयाची नाही, असा आमचा भक्तिमार्ग होता. रेडिएटरमध्ये पाणी कमी झाले की विहिरीवरची बादली आणून ओतीत असू. एका उन्हाळ्यात पुतण्या टोमॅटोचे क्रेट भरून पुण्यास निघाला. सातारा मागे टाकल्यावर चढावर काट्याने लाल रेघ गाठली. काटा लाल रेघेवर गेला म्हणजे काय करावे हे त्यास कोणीच सांगितले नव्हते, कारण ते मलाही ठाऊक नव्हते. बाजार गाठावयाचा म्हणून तो तसाच पुढे गेला, आणि खंबाटकीच्या घाटात गाडी वाफ सोडीत उभी राहिली. माल दुसऱ्या गाडीत चढवीपर्यंत ऊन वर आले. निम्मे क्रेट दबून फुटले. उरलेल्यास दर मिळाला तो बाजार उलगडल्यानंतरचा. इंजिन खोलले तेव्हा हेड वाकले होते व गॅस्केट फुटले होते. मालाचे नुकसान, गाडी ओढून आणण्याचे भाडे आणि दुरुस्ती मिळून त्या एका दिवसाने आमचे पाऊण लाखाच्या वर रुपये नेले. आणि या सर्वांचे मूळ काय, तर एक फुटलेली रबरी नळी आणि तुंबलेला रेडिएटर.

ज्या मिस्त्रीने तो रेडिएटर खोलला त्याने आतील नळ्यांत साचलेला पांढरा थर खरवडून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, “काका, गाडी काय आपोआप बिघडली न्हाई, तुमच्या हिरीनं बिघडवली.” हे वाक्य मी विसरलेलो नाही. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात पाण्याच्या अतिवापराने जमिनी क्षारपड झाल्या याची चर्चा आपण नेहमी करतो. पण जे क्षार जमिनीवर पांढरे फुटतात तेच विहिरीच्या पाण्यात विरघळलेले असतात, आणि तेच पाणी आपण वर्षानुवर्षे इंजिनात ओततो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पाणी तापविण्याच्या बंबात जसे कीटण धरते तसेच ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते. नळ्या तुंबल्या की पाणी फिरत नाही आणि इंजिन निवत नाही. यास्तव रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी कदापि घालू नये. बाजारात मिळणारे कूलंट, डब्यावर दिले असेल त्या प्रमाणात, बॅटरीत घालावयाच्या शुद्ध पाण्यात मिसळून घालावे, आणि पुस्तिकेत दिलेल्या मुदतीने सर्व काढून नवे भरावे. यास येणारा खर्च एका पोते खतापेक्षा फारसा जास्त नाही. रबरी नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. कडक झाली, भेगाळली किंवा फुगली असेल ती नळी फुटण्याची वाट न पाहता बदलावी. गाडी तापली तर बाजूस उभी करावी, आणि इंजिन पुरते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे ते उसळून तोंडावर येते. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. कूलंट चवीस गोड असते व विषारी असते. काढलेले कूलंट गोठ्याजवळ परातीत ठेवले तर कुत्रे किंवा वासरू त्यास तोंड लावते. आमच्याकडे तसा प्रसंग होता होता टळला.

तेलासंबंधी विस्तार करण्याचे कारण नाही, तरी एक-दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. डिझेल इंजिनाचे तेल थोड्याच दिवसांत काळे होते. ते काळे झाले म्हणजे खराब झाले असे नव्हे, काजळी त्याने आपल्या पोटात घेतली एवढाच त्याचा अर्थ. परंतु पट्टीवर तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजून गाडी जागच्या जागी थांबवावी. तसेच तेल न घालता पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. त्यात डिझेल किंवा पाणी उतरत असले पाहिजे. पट्टी पाहावयाची ती सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी. तेल व त्याची जाळी पुस्तिकेत लिहिलेल्या अंतरावर बदलावी. आपल्या गाड्या ओझ्याने व धुळीत चालतात, तेव्हा त्या अंतराच्या थोडे आधीच बदललेले बरे. हे काम घरी अर्ध्या तासाचे आहे. जुने तेल मात्र बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्यास द्यावे.

हवेची जाळी हा आपल्या भागातला विशेष विषय आहे. ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाची कुस आणि गाडीवाटांवरील घोटाभर फुफाटा यांमुळे ती शहरातल्या गाडीपेक्षा कितीतरी लवकर तुंबते. तुंबलेल्या जाळीची गाडी काळा धूर सोडते, ओढ खाते आणि डिझेल जास्त पिते. आणि मालक पंपास दोष देत बसतो. कागदी जाळी पाण्याने धुऊ नये. हळूच आपटावी, हवा मारावयाची झाल्यास आतून बाहेर मारावी, आणि फाटली असेल तर टाकून द्यावी. कारण फाटक्या जाळीतून गेलेली धूळ सिलिंडरास कानशीसारखी घासते. डिझेलच्या जाळीखाली पाणी साचण्याची वाटी असते. पावसाळ्यात कॅनमध्ये भरून ठेवलेले डिझेल वापरणाऱ्यांनी ती वरचेवर मोकळी करावी. जाळी बदलल्यावर डिझेलमध्ये हवा धरते व गाडी सुरू होत नाही. अशा वेळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरविण्यापेक्षा हातपंप दाबून हवा काढावी.

येथे एक मोठा इशारा देणे भाग आहे. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीत नळीचे नट सैल करून हवा काढण्याची जी रीत आहे ती कॉमन रेल इंजिनाच्या गाडीस लावू नये. त्या नळ्यांतील डिझेलचा दाब इतका प्रचंड असतो की, केसाएवढ्या फटीतून निघालेली धार कातडी भेदून आत शिरते. आणि वरून जखम टाचणीएवढी दिसली तरी आतील हानी हात गमावण्यापर्यंत जाते. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे माहीत नसेल तर त्या नळ्यांस हातच लावू नये.

ओंगणाची आठवण वर आलीच आहे. पिकअपलाही ओंगण लागते. त्यास आता आपण ग्रीस म्हणतो. शाफ्टचे क्रॉस, पाट्यांचे शॅकल, पुढील चाकांचे सांधे यांच्यावर बारीक निपल असतात. ते फडक्याने पुसून, ग्रीसगन लावून, जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत दाबावे. निपल न पुसता गन लावणे म्हणजे धूळ आत ढकलणे. चिखलातून किंवा पाण्यातून गाडी काढली असेल तर मुदतीची वाट न पाहता हे काम करावे. या एका कामास पंधरा मिनिटे लागतात. न केल्यास क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यावर लोळतो.

गंज हा जुन्या गाडीचा क्षयरोग होय. इंजिन नवे बसविता येते, गिअरबॉक्स बदलता येते. पण सांगाडा गंजला की गाडी संपली. आणि शेतकऱ्याच्या गाडीस गंज लवकर धरतो याचे कारण शेतकऱ्याने नीट समजून घ्यावे. युरिया, पोटॅश इत्यादी खते हवेतील ओल शोषून घेतात. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत हौद्याच्या कोपऱ्यांत आणि पत्र्याच्या जोडांत बसते, रात्री ओले होते आणि पत्रा खाऊ लागते. खत उतरविल्यावर त्याच दिवशी हौदा झाडून पाण्याने धुवावा, पाणी निघून जाण्याची भोके मोकळी आहेत हे पाहावे, आणि भावईच्या सुमारास, पाऊस तोंडावर आला असता, तळाचा गंज तारेच्या ब्रशाने खरवडून रेड ऑक्साइड व त्यावर रंग द्यावा. जुनी गाडी विकत घेऊ इच्छिणाऱ्यांनीही वरचा चकचकीत रंग पाहून भुलू नये; खाली वाकून चासीस हातोडीने ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर पुढचे बोलणे करावे. बद्द आवाज आला तर चहा पिऊन घरी यावे.

गाडीखाली शिरण्याविषयी मात्र मी कठोर शब्दांत लिहिणार आहे. आपली काळी जमीन वरून दगडासारखी दिसली तरी जॅकच्या एवढ्याशा बुडाखाली ती खचते. मी स्वतः एकदा शेतावर चाक बदलीत असता जॅक तिरका झाला आणि गाडी धाडकन खाली बसली. चाकाखाली हात नव्हता, हे केवळ दैव. तेव्हापासून जॅकखाली जाड फळी, उरलेल्या चाकांस पुढून-मागून दगड, आणि गाडी उचलल्यावर चासीखाली लाकडी ठोकळ्यांची चवड, एवढे केल्यावाचून आमच्या घरातील कोणीही गाडीखाली डोके घालीत नाही. विटांची चवड लावू नये. वीट न सांगता फुटते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हे विहिरीच्या काठावर झोपण्यासारखे आहे.

घरी काय करू नये हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, नाहीतर माझ्या या लेखाने एखाद्याचा प्राण जावयाचा. ब्रेक आणि स्टिअरिंग यांची तपासणी मालकाने करावी. दुरुस्ती मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावी. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते आणि जुने झाले की घाटातल्या सततच्या ब्रेकांनी ते आत उकळते. मग पायाखालची पट्टी सरळ खाली जाते आणि गाडी थांबत नाही. यास्तव ते दोन वर्षांनी बदलून घ्यावे, पातळी का कमी झाली याचा शोध लावावा, आणि त्यात इंजिनचे तेल कधीही घालू नये. आमच्या शेजारचे एक बागाईतदार, गृहस्थ मोठे हुशार, यांनी ‘तेल ते तेल’ म्हणून तसे केले. आतील रबरे फुगली, चाके जाम झाली आणि सर्व ब्रेक नव्याने बांधावे लागले. चाके जाम झाली म्हणून बरे. ब्रेक गेले असते तर हा दाखला मला हलक्या मनाने लिहिता आला नसता.

येथे कोणी म्हणेल की, गाड्या मोडतात त्या दुरुस्तीअभावी नव्हे, ओझ्याने. हे पुष्कळ अंशी खरे आहे, आणि या बाबतीत आपण शेतकरीच दोषी आहोत. सव्वा टनाच्या गाडीत अडीच टन भरावयाचे, पाटे बसले की वरून आणखी दोन पाटे चढवावयाचे, आणि मग क्लच जळतो, टायर फुटतो म्हणून कंपनीस नावे ठेवावयाची! बैलास झेपेल तेवढेच ओझे गाडीत घालावे हे आपणांस कोणी शिकवावे लागत नव्हते, कारण बैल खाली बसत असे. पिकअप खाली बसत नाही. ती उतारावर सूड घेते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा ओझ्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंड आहे. परंतु दंडाच्या भीतीपेक्षा आपली पाटी मागे बांधून बसलेल्या मजुरांचा विचार मनात यावा, हे अधिक योग्य.

महापुराविषयी दोन शब्द. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णा व वारणाकाठी घरांबरोबर गाड्याही पाण्यात राहिल्या. पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का पाहू’ म्हणून किल्ली फिरविणे ही सर्वांत महाग चूक होय. सिलिंडरात पाणी शिरलेले असते, पाणी दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेल्या गाडीची प्रथम बॅटरी सोडवावी, तिला ओढूनच न्यावी, आणि सर्व तेले काढून तपासल्याखेरीज इंजिन फिरवू नये. विमा असल्यास गाडीस हात लावण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे. जुन्या गाड्या धूर सोडतात, त्या रस्त्यावरून दूर कराव्यात, हे सरकारी धोरण आहे. २०२१ साली वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले, आणि त्यानंतर पंधरा वर्षांवरील मालवाहू वाहनांच्या तपासणीचे शुल्क पुष्कळ वाढले. आठ वर्षांपुढे योग्यतेचा दाखला दर वर्षी घ्यावा लागतोच. तपासणी कडक असावी याबद्दल माझा मतभेद नाही. ज्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत ती माझी असली तरी थांबवावी. परंतु माणसाची प्रकृती जशी वयाच्या दाखल्यावरून ठरत नाही, तशीच गाडीचीही ठरू नये. नाडी पाहून ठरावी. महिन्यास हजार किलोमीटर चालणारी, निगा राखलेली पंधरा वर्षांची गाडी आणि रात्रंदिवस जादा ओझे वाहिलेली सहा वर्षांची गाडी यांत धोकादायक कोणती, हे शेतकऱ्याच्या पोरासही कळते. केवळ वयावर शुल्क चढविले तर त्याचा भार मुख्यतः थोडे अंतर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांवर, म्हणजे आपल्यावर, पडतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या मानकाची इंजिने आली. त्यांचा धूर खरोखरच पुष्कळ कमी आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण त्यांतील बिघाड पाहावयास संगणकाचे यंत्र लागते. ते यंत्र व त्याचे शिक्षण गावच्या मिस्त्रीस सुलभ झाल्याशिवाय शेतकऱ्याने जुनी गाडी सोडावी असे मी म्हणणार नाही.

‘वेळ कोठे आहे?’ असाही एक आक्षेप आहे. त्यास माझे उत्तर एवढेच की, रस्त्यात बंद पडलेल्या गाडीजवळ बसावयास जो वेळ मिळतो त्यातलाच थोडा आधी काढावा. सकाळी निघण्यापूर्वी तेल, पाणी, ब्रेकचे तेल, टायर आणि गाडीखाली पडलेला डाग एवढे पाहण्यास जितका वेळ लागतो तितक्यात चहाही होत नाही.

हत्यारांची अडचण मात्र खरी आहे. पाने, पेचकस, ग्रीसगन आणि हवेचे माप एवढे प्रत्येकाने घ्यावे. ते काही फार नाही. पण चांगला जॅक, स्टँड, टॉर्क पाना, बॅटरी तपासण्याचे माप ही सामग्री एकेकट्याने घेऊन वर्षभर गंजत ठेवण्यात अर्थ नाही. फवारणीची यंत्रे आपल्या संघामार्फत जशी आळीपाळीने वापरता येतील, तशीच ही सामग्री संघाच्या गोदामात का असू नये? पावसाळ्यापूर्वी एक रविवार ठरवावा, जाणत्या मिस्त्रीस मानधन देऊन बोलवावे, आणि त्याने एक गाडी सर्वांसमक्ष उघडून दाखवावी. मिस्त्रीचे गिऱ्हाईक यामुळे तुटेल ही भीती खोटी आहे. ज्याने आमचा रेडिएटर खोलला त्याच्याकडे आम्ही आजही जातो. पूर्वी गाडी ओढून नेत होतो, आता बिघाड काय आहे हे सांगून नेतो, आणि त्यालाही ते आवडते.

शेवटी वहीची गोष्ट. आमच्या गाडीत एक दोनशे पानी वही असते. तेल कधी बदलले, किती किलोमीटरवर, कोणती नळी नवी घातली, कोणता आवाज प्रथम कधी ऐकला, डिझेल किती गेले, हे सर्व तीत लिहिले जाते. आरंभी पुतण्यास ही कटकट वाटे. आता तोच अधिक लिहितो. परवा उघडून पाहिली तर त्याच्या अक्षरात नोंद होती : ‘डावीकडे वळताना मागील उजव्या पाट्याजवळ टकटक. बुश असावा.’ येत्या रविवारी फळ्या लावून खोलणार आहोत.